प्रस्तावना : उन्हाचे गणित, रात्रीची वीज

सौर वीज म्हटले की आज डोळ्यांपुढे निळ्या पॅनेलांच्या रांगा येतात. या पुस्तकाचा विषय तो नाही. आरशांनी ऊन एका जागी एकवटायचे, त्या उष्णतेने तेल किंवा क्षार तापवायचे, त्यावर पाण्याची वाफ करायची आणि त्या वाफेवर नेहमीचेच टर्बाइन फिरवायचे, अशी सौर औष्णिक केंद्रे जगात मोजक्या देशांत उभी आहेत. त्यांतही ज्यांच्या आवारात उष्णता साठवून ठेवणाऱ्या भल्यामोठ्या टाक्या आहेत, अशा केंद्रांविषयी हे पुस्तक आहे. असे केंद्र बांधण्याआधी ते वर्षाला किती वीज देईल, कोणत्या महिन्यात मार खाईल, सूर्य मावळल्यावर किती तास चालेल, हे आकडेमोडीने सांगण्याचे शास्त्र म्हणजे कार्यमानाचे मॉडेलिंग.

कोळशाच्या केंद्राचे गणित चुकले तर कोळसा जास्त जळतो. नुकसान होते, पण थोडे थोडे. सौर औष्णिक केंद्रात इंधन फुकट असले, तरी ते गोळा करणारी यंत्रणा आधी उभी करावी लागते. पंचवीस वर्षांच्या इंधनाचे पैसे पहिल्याच दिवशी आरशांच्या, नळ्यांच्या आणि क्षारांच्या रूपाने मोजून द्यायचे, असा हा व्यवहार आहे. त्यामुळे बँक कर्ज देते ती मॉडेलमधून निघालेल्या वार्षिक उत्पादनाच्या आकड्यावर विसंबून. तो आकडा निघतो कसा, त्यात काय काय गृहीत धरलेले असते आणि तो कुठे दगा देतो, हे कळणे ही म्हणूनच एकट्या तज्ज्ञाची गरज राहत नाही. विजेचे दर ठरवणाऱ्याला, प्रकल्पासाठी जमीन देणाऱ्याला आणि त्यावर बातमी लिहिणाऱ्यालाही ते कळायला हवे.

पुस्तकामागचे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. साठवण नसलेल्या केंद्राचे मॉडेल म्हणजे निव्वळ उन्हाचा हिशेब असतो : इतके ऊन आले, वाटेत इतके गळाले, उरले त्याची वीज झाली. टाकी आली की हा हिशेब अपुरा पडतो. दुपारी दोनला तापलेले क्षार लगेच वापरायचे, सायंकाळी सातसाठी ठेवायचे की उद्याच्या ढगाळ सकाळसाठी राखायचे, हे कोणीतरी ठरवणार असते. म्हणजे उत्पादन हवामानाइतकेच माणसाच्या निर्णयावरही ठरते. 'किती?' या प्रश्नाला 'कधी?' हा प्रश्न येऊन मिळतो, आणि गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत या शास्त्राची जी वाढ झाली ती बरीचशी या दुसऱ्या प्रश्नाने घडवली आहे. आणखी एक गोष्ट : मॉडेले आरशांच्या भूमितीत क्वचितच चुकतात. त्यांची चूक दडलेली असते ती सांध्यांमध्ये. उन्हाची नोंद, सकाळचे सुरू होणे, टाकीचा तळ, दुरुस्तीत गेलेले दिवस, अशा ठिकाणी.

कल्पना जुनी आहे आणि तिचा एक धागा थेट मुंबईत सापडतो. ओगुस्तँ मूशो या फ्रेंच गृहस्थाने १८७८च्या पॅरिस प्रदर्शनात उन्हावर चालणारे वाफेचे इंजिन मांडले. त्याच वर्षी मुंबईत विल्यम ॲडम्स या इंग्रज अधिकाऱ्याचे पुस्तक निघाले. विषय होता उष्ण देशांत इंधनाऐवजी सूर्याची उष्णता वापरण्याचा. मूशोचा वक्र आरसा खर्चिक होता. ॲडम्सने साधे सपाट आरसे अर्धवर्तुळात मांडले, त्या सगळ्यांचा झोत एका बॉयलरवर घेतला आणि कुलाब्यातल्या आवारात अडीच अश्वशक्तीचे इंजिन चालवून दाखवले. आज मनोऱ्याभोवती हजारो सपाट आरसे उभे करून जे केले जाते, त्याची मूळ मांडणी हीच. पुढे १९१३मध्ये फ्रँक शुमन या अमेरिकन अभियंत्याने इजिप्तमध्ये कैरोजवळच्या मादी इथे पन्हळीसारख्या लांबट अन्वस्त आरशांनी वाफ करून नाईलचे पाणी उपसले. मग महायुद्ध आले, खनिज तेल स्वस्त झाले आणि हा विषय साठ वर्षे अडगळीत पडला.

त्याला बाहेर काढले १९७३च्या तेलसंकटाने, आणि मॉडेलिंगचा खरा जन्मही तेव्हाचाच. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातून १९७५च्या सुमारास 'ट्रान्सिस' ही संगणकप्रणाली बाहेर पडली. पंप, टाकी, संग्राहक असा एकेक भाग स्वतंत्रपणे लिहायचा आणि मग ते सारे जोडायचे, ही तिची रीत होती, आणि ती आजही वापरात आहे. सँडिया प्रयोगशाळेने आरशांच्या क्षेत्रासाठी १९७९मध्ये 'मिर्व्हाल' आणि पुढे 'डेलसोल' या प्रणाली घडवल्या, तर सबंध केंद्राचे वर्षभराचे उत्पादन काढण्यासाठी 'सोलर्जी'. त्यांना पडताळून बघायला समोर खरे केंद्रही होते. कॅलिफोर्नियात बार्स्टोजवळ १९८२मध्ये सुरू झालेले 'सोलर वन' हे १० मेगावॅटचे केंद्र, १,८१८ हेलिओस्टॅट, म्हणजे सूर्यामागे फिरणारे आरसे, आणि मधोमध मनोरा. तिथे उष्णता तेल, दगड आणि वाळू भरलेल्या टाकीत साठवली जाई. पण टाकीतल्या उष्णतेवर होणारी वाफ मूळ वाफेपेक्षा थंड असल्याने टर्बाइन पूर्ण जोमाने चालत नसे. साठवलेली उष्णता किती आहे इतकेच बघून भागत नाही, ती किती तापमानाला परत मिळते हेही बघावे लागते, हा धडा तिथे मिळाला.

त्याच सुमारास मोहावीच्या वाळवंटात लुझ कंपनीने १९८४ ते १९९० या काळात पन्हळी आरशांची नऊ केंद्रे उभारली. एकूण क्षमता ३५४ मेगावॅट. यांतल्या पहिल्याच केंद्रात तेलाच्या टाक्यांची तीन तासांची साठवण होती. बाकीच्यांनी ती सोडून दिली आणि आधाराला नैसर्गिक वायू घेतला. १९९१मध्ये लुझचे दिवाळे निघाले, तरी केंद्रे पुढे अनेक वर्षे चालत राहिली. या चालण्यातून गोळा झालेल्या नोंदी म्हणजे या शास्त्राची पहिली शिदोरी. नळ्यांतून उष्णता किती निसटते, आरसे किती दिवसांत मळतात, काचेच्या नळीतली निर्वात पोकळी टिकते का, हे सारे पुस्तकात सुटणारे प्रश्न नव्हते.

साठवणीच्या कथेतले पुढचे वळण म्हणजे 'सोलर टू'. 'सोलर वन'च्या जुन्याच मनोऱ्याचे रूप पालटून १९९६ ते १९९९ या काळात तिथे वितळलेल्या क्षारांचा प्रयोग झाला. ६० टक्के सोडियम नायट्रेट आणि ४० टक्के पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे शेतकऱ्याला खत म्हणून ओळखीचेच पदार्थ. एका टाकीत ते २९० अंशांना, दुसऱ्या टाकीत ५६५ अंशांना. थंड टाकीतून क्षार मनोऱ्यावर चढवायचा, तापवून गरम टाकीत सोडायचा, आणि वीज हवी तेव्हा गरम टाकीतून काढून वाफ करून थंड टाकीत परत आणायचा. आरशांचे काम आणि टर्बाइनचे काम यांची फारकत झाली. आज बांधल्या जाणाऱ्या बहुतेक केंद्रांमध्ये हीच दोन टाक्यांची रीत आहे.

व्यापारी पातळीवर तिची पहिली मोठी परीक्षा स्पेनमध्ये झाली. ग्रॅनाडा प्रांतात आंदासोल-१ हे ५० मेगावॅटचे, पन्हळी आरशांचे केंद्र २००८-०९मध्ये सुरू झाले. मॉडेलिंग म्हणजे नेमके काय, हे या एका केंद्राच्या आकड्यांवर कागद-पेन्सिलने बघता येते. टाक्यांत २८,५०० टन क्षार. थंड टाकी २९२ अंश, गरम टाकी ३८६ अंश, फरक ९४ अंशांचा. एक किलो क्षार एक अंशाने तापवायला सुमारे १.५ किलोज्यूल लागतात. या तिन्हींचा गुणाकार सुमारे ४०२ कोटी किलोज्यूल होतो, म्हणजे साधारण १,११६ मेगावॅट-तास. प्रत्यक्षात या साठवणीची क्षमता १,०१० मेगावॅट-तास सांगितली जाते. मग दहा टक्क्यांचे काय? इथेच पहिला सांधा भेटतो. टाकीचा तळ कधी कोरडा होत नाही. पंपाला ओढता यावे म्हणून खाली काही क्षार कायम ठेवावा लागतो. उष्णता तेलातून क्षारात आणि क्षारातून पुन्हा तेलात जाताना दर वेळी काही अंश हातचे जातात. कागदावरची टाकी आणि वापरता येणारी टाकी यांत अंतर राहतेच.

हेच गणित आणखी दोन पावले पुढे नेऊ. ही साठवण पूर्ण भरली की केंद्र साडेसात तास चालते. साडेसात तास ५० मेगावॅट म्हणजे ३७५ मेगावॅट-तास वीज. १,०१०मधून ३७५ म्हणजे सुमारे ३७ टक्के, आणि या तापमानाच्या वाफेच्या चक्राकडून अपेक्षाही तेवढीच असते. आता हाच क्षार मनोऱ्याच्या केंद्रात घाला. तिथे फरक ९४ अंशांचा नसून २७५ अंशांचा. दर टनामागे जवळजवळ तिप्पट उष्णता मावते. पन्हळीच्या नळ्यांतले तेल ४०० अंशांच्या आसपास विघटित होऊ लागते म्हणून तिथे तापमान अडते. मनोऱ्यावर थेट क्षारच चढतो, म्हणून ते अडत नाही. कोणती पद्धत निवडायची या मोठ्या वादातला अर्धा भाग या एका भागाकारात आहे.

उरलेला अर्धा भाग समजण्यासाठी सबंध साखळी बघावी लागते. पहिली कडी म्हणजे ऊन, आणि इथे नवखा वाचक हमखास फसतो. पॅनेलला सगळाच उजेड चालतो; ढगातून, धुळीतून विखुरलेलाही. आरशाला चालते ते फक्त सूर्याकडून सरळ रेषेत आलेले थेट ऊन. हवेत धूळ आणि धूर वाढला की एकूण उजेड थोडाच कमी होतो, थेट ऊन मात्र चांगलेच घटते. दुसरी कडी आरशांची : सूर्य तिरपा असताना आरसा जणू लहान होतो, एका आरशाची सावली दुसऱ्यावर पडते, परावर्तित झोत मधल्या आरशाने अडतो, मनोऱ्यापर्यंत जाताना हवेत विरतो, काही भाग लक्ष्याच्या बाजूने निसटतो. तिसरी कडी रिसीव्हरची, म्हणजे झोत झेलून तापणाऱ्या भागाची, जिथे तापमानाबरोबर उष्णतेची गळती झपाट्याने वाढते. मग टाकी, मग टर्बाइन, आणि शेवटी केंद्राची स्वतःची भूक. पंप, आरसे फिरवणाऱ्या मोटरी, आणि क्षार २२०-२४० अंशांच्या आसपास गोठू लागतो म्हणून रात्रभर नळ्या गरम ठेवणाऱ्या तारा. हा शेवटचा खर्च विसरलेले मॉडेल नेहमी गोड बोलते.

या साखळीला आकार देणारे एक गुणोत्तर पुस्तकभर भेटेल : सोलर मल्टिपल. भर उन्हात टर्बाइनला जेवढी उष्णता लागते तेवढीच देणारे आरसे लावले तर ते १. साठवण भरायची असेल तर आरसे त्याहून दुप्पट-अडीचपट, कधी तिप्पट लावावे लागतात. आरसे वाढवले आणि टाकी लहान ठेवली तर दुपारी आरसे फिरवून ऊन वाया घालवावे लागते. टाकी मोठी आणि आरसे कमी, तर टाकी वर्षातले बरेच दिवस अर्धी. सेव्हिलजवळच्या हेमासोलर केंद्राने २०११मध्ये १५ तासांच्या साठवणीवर सलग चोवीस तास वीज दिली, ती केवळ मोठ्या टाकीमुळे नव्हे. १९.९ मेगावॅटच्या छोट्या टर्बाइनमागे २,६५० हेलिओस्टॅट उभे होते.

या सगळ्याचे मॉडेल करणाऱ्यांची ढोबळमानाने चार घराणी आहेत. पहिले प्रकाशाचे. एकेका किरणाचा माग काढणाऱ्या 'सोलट्रेस', 'टोनाटियू' यांसारख्या प्रणाली आणि झोताचा आकार सूत्रात बसवून वेळ वाचवणाऱ्या 'एचएफएलकॅल' किंवा 'डेलसोल' यांसारख्या. एका क्षणाचे चित्र ही मंडळी विलक्षण अचूक काढतात, पण केंद्र एका क्षणावर चालत नाही.

दुसरे घराणे वर्षाचा हिशेब मांडणाऱ्यांचे. वर्षाचे ८,७६० तास घ्यायचे, प्रत्येक तासात यंत्रणा स्थिरावली आहे असे मानायचे आणि बेरीज करायची. अमेरिकेच्या एनआरईएल या प्रयोगशाळेने २००७मध्ये सर्वांसाठी खुली केलेली 'सॅम' ही प्रणाली या घराण्याची आज सर्वांत प्रसिद्ध प्रतिनिधी. जर्मनीच्या डीएलआर संस्थेची 'ग्रीनियस' तिची नातेवाईक. 'सॅम' फुकट मिळते, वेगाने चालते, म्हणून विद्यार्थ्यापासून सल्लागारापर्यंत सगळ्यांच्या हाताशी असते.

तिसऱ्या घराण्याचा आक्षेप नेमका त्या 'स्थिरावली आहे' या शब्दांवर. एका तासाचे थेट ऊन सरासरी दर चौरस मीटरला ४५० वॅट आहे, असे समजा. हा तासभर विरळ ढगांतून आलेला सलग उजेड असू शकतो, किंवा अर्धा तास ९०० वॅटचे कडक ऊन आणि अर्धा तास शून्य. सरासरी एकच, पण पहिल्या परिस्थितीत केंद्र मंद गतीने चालत राहील आणि दुसऱ्या परिस्थितीत रिसीव्हर तापेल, थांबेल, पुन्हा तापेल. प्रत्येक वेळी उष्णता आणि मिनिटे वाया जातील. म्हणून हे घराणे धातूचे वस्तुमान, नळ्यांतला प्रवाह, पंपाचा प्रतिसाद असे सारे काळाबरोबर बदलणाऱ्या समीकरणांत लिहिते. 'मॉडेलिका' भाषेतली मॉडेले त्यांची. दगडांनी भरलेल्या एकाच टाकीत वर गरम आणि खाली थंड थर ठेवण्याच्या थर्मोक्लाइन पद्धतीचा अभ्यासही इथलाच. त्याचे मूळ समीकरण टी. ई. डब्ल्यू. शुमान याने १९२९मध्येच मांडले होते, सौर विजेचा संबंधही नसताना.

चौथे घराणे 'कधी?' विचारणाऱ्यांचे. मराठी वाचकाला हा प्रश्न कोयनेवरून चटकन उमगेल. कृष्णा पाणीवाटप लवादाने कोयनेतून पश्चिमेकडे वळवण्याच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. तेव्हा ते पाणी दुपारी सोडायचे की संध्याकाळच्या मागणीला, आज की एप्रिलमध्ये, हाच वीजगृहाचा खरा प्रश्न असतो. क्षारांच्या टाकीचा प्रश्न तसाच, फक्त त्याचे वर्ष एका दिवसात आटोपते. आणि या प्रश्नाला उत्तर देतो विजेचा दर. स्पेनच्या २००७च्या नियमात साधारण एकच दर होता आणि केंद्रावर ५० मेगावॅटची मर्यादा होती. साहजिकच तिथली केंद्रे ५० मेगावॅटची निघाली आणि त्यांच्या टाक्या टर्बाइनचे तास वाढवण्यासाठी राबल्या. दक्षिण आफ्रिकेने २०१३च्या निविदा फेरीत दुपारी साडेचार ते रात्री साडेनऊ या वेळच्या विजेला मूळ दराच्या २.७ पट भाव दिला, आणि तिथल्या टाकीचा अर्थच बदलला. आरसे, क्षार आणि सूर्य तेच. कागदावरच्या एका कलमाने मॉडेलचे उत्तर पालटले.

या घराण्याची स्वतःची पळवाटही आहे. गणित सोपे व्हावे म्हणून ते बरेचदा उद्याचे आकाश आणि उद्याचा भाव आजच ठाऊक असल्याचे मानते. असा सर्वज्ञ चालक कोणत्याच नियंत्रण कक्षात बसलेला नसतो. त्यामुळे अंदाज चुकल्यावर उत्पन्न किती घसरते, हे मोजणारी मॉडेले अलीकडे अधिक मोलाची ठरत आहेत. कर्ज देणाऱ्यांच्या भाषेत हीच गोष्ट पी-५० आणि पी-९० या आकड्यांत येते : निम्म्या वर्षांत जे उत्पादन पार होईल ते पी-५०, दहापैकी नऊ वर्षांत जे पार होईल ते पी-९०. या दोहोंतले अंतर म्हणजे मॉडेल करणाऱ्याने मान्य केलेले अज्ञान. सोलरपेसेस या आंतरराष्ट्रीय जाळ्याने २०१७मध्ये उत्पादनाच्या अंदाजासाठी मार्गदर्शिका काढली, ती याच अंतराला शिस्त लावण्यासाठी.

आता अपयशांविषयी, कारण त्यांच्याशिवाय हा नकाशा खोटा ठरेल. नेवाडा राज्यातले क्रेसेंट ड्यून्स हे ११० मेगावॅटचे, दहा तास साठवणीचे मनोरा केंद्र २०१५मध्ये वीज देऊ लागले. ऑक्टोबर २०१६मध्ये गरम क्षारांच्या टाकीला गळती लागली आणि ते सुमारे आठ महिने बंद राहिले. पुढेही ते अपेक्षेच्या जवळ पोचले नाही. मोरोक्कोच्या वार्झाझात इथल्या नूर-३ केंद्रालाही २०२४मध्ये गरम टाकीच्या गळतीनेच थांबवले. रोज तापणारी-निवणारी पोलादी टाकी, तिच्या तळाखालचा पाया, वेल्डिंगवरचा ताण हे विषय वार्षिक मॉडेलच्या कक्षेबाहेरचे मानले जात. मॉडेलमध्ये त्यांची जागा 'उपलब्धता ९६ टक्के' अशा एका रकान्याएवढी. ज्या गोष्टीने आठ महिने गिळले ती रकान्यात चार टक्के होती, हे लक्षात घेतले की आरशाच्या कोनातली सूक्ष्म चूक शोधण्यात किती शक्ती घालायची आणि टाकीच्या पायावर किती, याचा फेरविचार करावा लागतो. दुसऱ्या बाजूला दक्षिण आफ्रिकेतले बोकपूर्ट २०१६मध्ये सलग १६१ तास चालले, आणि दुबईत ७०० मेगावॅटचा, क्षारांच्या साठवणीचा संच उभा राहिला. तंत्र फसवे आहे असा निष्कर्ष काढणे चूक. पण ते कागदावर दिसते तितके सरळही नाही.

भारताचा अनुभव यात वेगळे पान जोडतो. राष्ट्रीय सौर मोहीम जानेवारी २०१०मध्ये जाहीर झाली आणि त्याच वर्षाअखेर ४७० मेगावॅटचे सात सौर औष्णिक प्रकल्प दिले गेले. पूर्ण झाले तीन. राजस्थानात नोख आणि धुरसर, आंध्रात अनंतपूर. प्रकल्प रखडण्याची कारणे अनेक होती, पण त्यांतले एक या पुस्तकाच्या गाभ्याचे आहे. निविदा भरताना विकासकांच्या हाती मुख्यतः उपग्रहावरून काढलेले थेट उन्हाचे अंदाज होते, आणि जमिनीवर मोजायला गेल्यावर थरच्या वाळवंटाच्या आणि दख्खनच्या धुळकट हवेत ऊन त्याहून कमी भरले. ऊन मोजणाऱ्या ५१ केंद्रांचे पहिले जाळे २०११च्या आसपास उभे राहिले, म्हणजे करार आधी आणि मोजणी नंतर. मॉडेल कितीही सूक्ष्म असले तरी त्यात घातलेले ऊन आंधळेपणाने घेतले असेल, तर पुढची सगळी सूक्ष्मता वाया जाते.

तरी भारताच्या जमेच्या बाजूला बरेच आहे, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा ठळक. आयआयटी मुंबईतल्या डॉ. सुहास सुखात्मे यांच्या सौर ऊर्जेवरील पाठ्यपुस्तकावर अभियंत्यांच्या पिढ्या घडल्या; नंतरच्या आवृत्त्यांत डॉ. जे. के. नायक त्यांचे सहलेखक झाले. त्याच संस्थेच्या पुढाकाराने हरियाणात ग्वाल पहाडी इथे एक मेगावॅटचे प्रयोगकेंद्र झाले आणि त्याच्याबरोबर अशा केंद्रांसाठी देशी सिम्युलेटरही तयार झाला. लातूरच्या महानंद डेअरीत २००६ साली १६० चौरस मीटरची 'अरुण' ही आरशांची डिश बसली. दुधाच्या पाश्चरायझेशनला लागणारी उष्णता ती दाबाखालच्या गरम पाण्यातून देत असे. शिर्डीच्या प्रसादालयात २००९पासून ७३ शेफ्लर डिशांच्या वाफेवर स्वयंपाक होऊ लागला. अबू रोडला ब्रह्माकुमारींच्या 'इंडिया वन' या एक मेगावॅटच्या केंद्रात ७७० डिश आहेत आणि उष्णता साठवली जाते ती प्रत्येक डिशच्या केंद्राशी असलेल्या बिडाच्या गाभ्यात. क्षार नाही, मोठी टाकी नाही. साठवण ७७० ठिकाणी विखुरलेली. दोन टाक्यांसाठी लिहिलेले मॉडेल इथे लागू पडत नाही, ते नव्याने मांडावे लागते.

मग आजच हा विषय का? भारताची सौर क्षमता २०२५च्या सुरुवातीला १०० गिगावॅट ओलांडून गेली, आणि ती जवळजवळ सगळी पॅनेलांची आहे. दुपारी वीज मुबलक, सूर्य कलला की टंचाई, हे रोजचे वेळापत्रक झाले आहे. महाराष्ट्राने सौर कृषी वाहिन्यांतून शेतीपंप दिवसा चालवायला घेतले, म्हणजे मागणीचा एक भाग उन्हाकडे सरकवला. पण घरातले दिवे, पंखे, स्वयंपाक आणि शहरांची संध्याकाळ दुपारकडे सरकत नाही. तिथे बॅटरी वेगाने स्वस्त होत आहे आणि दोन-चार तासांच्या साठवणीत तिच्याशी बरोबरी करणे क्षारांच्या टाकीला आज अवघड जाते. ही गोष्ट हे पुस्तक लपवत नाही. मात्र साठवणीचे तास वाढले की बॅटरीचा खर्च जवळजवळ त्याच प्रमाणात वाढतो, टाकीत मात्र फक्त क्षार आणि पोलाद वाढते, टर्बाइन तेच राहते. दहा-पंधरा तासांच्या साठवणीत स्पर्धा अजून खुली आहे. शिवाय पॅनेलांची दुपारची स्वस्त वीज वापरून क्षार तापवण्याचे आणि कारखान्यांना वाफ पुरवण्याचे मार्ग पुढे येत आहेत. या सगळ्यांना लागणारे गणित याच शास्त्रातले आहे. आणि टाकी तास हलवते, ऋतू हलवत नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते : विदर्भ-मराठवाड्यात पावसाळ्याचे चार महिने थेट ऊन आटते, तिथे पंधरा तासांची टाकीही काही करू शकत नाही.

या पुस्तकाने काय करायचे ठरवले आहे? ते एखाद्या सॉफ्टवेअरची बटणे शिकवत नाही आणि सौर औष्णिक विजेचा प्रचारही करत नाही. आधी हाताने, मग स्प्रेडशीटवर आणि शेवटी खुल्या प्रणालीवर तेच केंद्र पुन्हा पुन्हा मांडायचे, आणि प्रत्येक वेळी उत्तर का बदलले ते विचारायचे, अशी त्याची रीत आहे. भौतिकशास्त्र पदवीच्या पहिल्या वर्षापलीकडे जात नाही. गणित जिथे वाढते तिथे त्याचा अर्थ आधी शब्दांत सांगितला आहे, त्यामुळे समीकरण वगळणाऱ्यालाही पुढे जाता येईल. अपयशी केंद्रांना यशस्वी केंद्रांइतकीच जागा दिली आहे. वाचक म्हणून डोळ्यांपुढे आहेत अभियांत्रिकीचे विद्यार्थी, वीज कंपन्यांत नियोजन करणारे अभियंते, वीज नियामक आयोगासमोर दराच्या याचिका वाचणारे कार्यकर्ते आणि ऊर्जेवर लिहिणारे पत्रकार.

हे पुस्तक वाचून कोणी लगेच केंद्राची रचना करू शकणार नाही, तसा त्याचा दावाही नाही. पण 'वर्षाला इतके कोटी युनिट' असा एकुलता आकडा घेऊन प्रकल्प अहवाल समोर आला, तर वाचकाने पाच गोष्टी मागाव्यात एवढी तयारी व्हावी : ऊन जमिनीवर किती वर्षे मोजले, पी-५० आणि पी-९० यांत अंतर किती, सकाळच्या सुरुवातीला आणि रात्री नळ्या तापवण्याला किती वीज धरली, टाकी बंद पडल्याचे दिवस किती मानले, आणि संध्याकाळची वीज कोणत्या दराने विकायची असे ठरवून हा आकडा काढला. या पाचांची उत्तरे अहवालात नसतील, तर तो अहवाल परत पाठवायचा.